विकतचा ढग

गेल्या वर्षी दिवाळीला चार दिवस उरले असतील. इंझोरीला आमच्या ओसरीवर मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. सोयाबीन कापून शेतात गंज्या लागल्या होत्या, मळणीयंत्राची पाळी यायची होती, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आले होते. शेजारचे काकाजी पायरीवर बसून त्या आभाळाकडे बघत होते. बघता बघता त्यांनी विचारले, "काय म्हंते पेपर, बाबू?"

बातमी काही सणासुदीची नव्हती. सरकारी खात्यांनी आपले कागद, आपल्या नोंदी 'क्लाऊड'वर ठेवाव्यात, आणि ही सेवा विकत घेण्याचे नियम कसे बदलत चालले आहेत, असा काहीसा मजकूर होता. क्लाऊड म्हणजे ढग, एवढे काकाजींना नातवाकडून ठाऊक झालेले. ते म्हणाले, "म्हंजे सरकार आता ढग इकत घेते म्हना! घेऊ द्या. फक्त बरसाचं कवा, ते आधी लिहून घ्या म्हना."

मी हसलो, ते हसले. पण नोकरीची तीस वर्षे मी एका सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत काढली आहेत. खरेदी हा शब्द कानावर पडला की माझी झोप अजूनही पातळ होते. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटू लागले, की काकाजींनी थट्टेत जे म्हटले तोच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

हा ढग आभाळात नसतो, हे वाचकांना सांगायला नको. मुंबई, हैदराबाद, चेन्नई अशा ठिकाणी मोठमोठ्या इमारतींतून हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांच्यातली जागा व त्यांचे काम विजेसारखे मोजून विकले जाते. जितके वापराल तितके बिल. वस्तू म्हणून हातात काही येत नाही. आणि इथेच माझ्यासारख्या जुन्या भांडारपालाची पंचाईत होते.

आमच्या शाखेत जडसंग्रह नोंदवही हा धर्मग्रंथ होता. वस्तूचे नाव, नग, दर, कोणाकडून घेतली, केव्हा घेतली, सारे काही रकान्यांत. वर्षाअखेर प्रत्यक्ष पडताळणी व्हायची. म्हणजे साहेबांनी खुर्च्या मोजायच्या आणि मी त्या दाखवायच्या. मोडकी खुर्चीसुद्धा निर्लेखन होईपर्यंत जपून ठेवायची, कारण मोडकी असली तरी ती नोंदवहीत जिवंत असे. या साऱ्या व्यवस्थेचा एकच प्रश्न असे: वस्तू कुठे आहे? ती दाखवता आली की माणूस सुटला. ढग कोणत्या पानावर नोंदवायचा?

एक गोष्ट इतक्या वर्षांत मी कोणाला सांगितलेली नाही. जुने कागद ठेवण्यासाठी आमच्या कचेरीला लाकडी मांडण्या हव्या होत्या. तीन दरपत्रके आली, तुलनात्मक तक्ता मी तयार केला, सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर झाले. लाकूड कच्चे आहे हे मला दिसत होते. सुतारकामातले थोडे कळते मला. आमच्या घरी ते चालत असे. पण कच्चे लाकूड लिहिण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. तीन पावसाळे गेले आणि मांडण्यांना वाळवी लागली. एके दिवशी जवळच्या खेड्यातली एक बाई आपल्या वडिलांच्या जमिनीच्या जुन्या नोंदीची नक्कल मागायला आली. वारसाहक्कातला तिचा हिस्सा त्या कागदावर अवलंबून होता. मी गठ्ठा उचलला तर हातात भुसा आला. बाई म्हणाली, "मंग आता म्या कोनापाशी जाऊ, भाऊ?"

त्या वर्षीच्या लेखापरीक्षणात आमच्या शाखेवर एकही आक्षेप नव्हता. मांडण्यांचे नग बरोबर होते. दर किमान होता. मी निर्दोष होतो, आणि त्या बाईचा हिस्सा गेला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडीत नाही.

किमान दराचा नियम मूर्खपणाचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. लोकांचा पैसा, खर्च करणारा तिसराच, आणि मोहाला तोटा नाही. अशा ठिकाणी हात बांधणारा नियम हवाच. तो नियम अविश्वासातून जन्मला आहे आणि त्या अविश्वासाला भरपूर कारणे आहेत. पण लबाडाला अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीच्या आड प्रामाणिक माणूसही लपून बसतो, आणि तसा मी बसलो होतो. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अर्थमंत्रालयाने सल्लागारीखेरीजच्या काही सेवांनाही किमतीच्या जोडीला गुणवत्तेचे गुण द्यायला मुभा दिली. तेही ३० टक्क्यांच्या वर नाही. वाचले तेव्हा मला वाटले, माझ्या कच्च्या लाकडासाठी अखेर रकाना निघाला.

ढगाच्या खरेदीसाठी तर सगळी रीतच बदलावी लागली. केंद्राने २०१३ साली 'मेघराज' नावाचे धोरण आखले. नाव ठेवणारा कोणी रसिक असावा! २०१४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा स्वतःचा ढग सुरू झाला. नंतर खाजगी कंपन्यांची तपासणी करून त्यांची यादी करण्याची पद्धत आली. माहिती भारतातच राहिली पाहिजे, सुरक्षेची परीक्षा झाली पाहिजे, करार संपल्यावर सारे परत देऊन मागे ठेवलेले पुसून टाकले पाहिजे, अशा अटी आल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'जेम' ही सरकारी ई-बाजारपेठ उघडली, आणि १९२२ च्या भारतीय भांडार खात्याचा वारसा सांगणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाले. आपल्या महाराष्ट्राने २०१८ च्या जानेवारीत सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. असे करणारे पहिले राज्य म्हणून तेव्हा नावही झाले. इंग्लंडात २०१२ पासूनच अशी यादी चालत आली आहे. आधी पारखून ठेवलेल्यांतून निवडा, प्रत्येक वेळी नव्याने निविदेचा घोळ नको, अशी तिथली रीत.

आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यातले मर्म समजावून सांगायला वेळ लागत नाही. सालदार ठेवायचा की रोजंदारीवर मजूर लावायचे, हा प्रश्न त्याच्या घरात दर गुढीपाडव्याला निघतो. सालदाराला काम असो नसो, वर्षाचे ठरलेले द्यावे लागते. पण अर्ध्या रात्री गाय व्याली तर तो हाक मारल्यावर येतो. रोजंदार स्वस्त पडतो, मात्र निंदणाच्या आठवड्यात साऱ्या गावाला तो एकाच दिवशी हवा असतो. स्वतःचा संगणक विकत घेणे म्हणजे सालदार, आणि ढग म्हणजे रोजंदार. दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मुले एकदम एका दारावर धडकतात. त्या एका दिवसासाठी वर्षभर शंभर सालदार पोसणे वेडेपणाचे. म्हणून ढग घेणे मला चूक वाटत नाही. फक्त सरकारी अंदाजपत्रकाला मोजून बिल देण्याची सवय नाही. त्याला मार्चअखेर एक ठरलेला आकडा लागतो. कमी खर्च झाला तर निधी परत जातो, जास्त झाला तर कारकुनाला खुलासा द्यावा लागतो.

दुसऱ्याच्या मालकीचे वापरण्याची आम्हाला ओळख नाही असेही नाही. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी शकुंतला गाडी आमच्या भागातली. १९५१ च्या सुमारास देशातले रेल्वेमार्ग राष्ट्राचे झाले, तरी तिचे रूळ एका खाजगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी सरकार चालवी आणि रुळांचा मोबदला कंपनीला जाई. मालक एक, वापरणारा दुसरा. आणि बसणारे आम्ही, ज्यांचे त्या करारात नावही नव्हते. रूळ जुने होत गेले, गाडी मंदावत गेली, आणि शेवटी बंद पडली. ढगाच्या करारात बाहेर पडण्याचे कलम का हवे, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या रुळांनी अधिक शिकवले.

मग स्वतःचेच ठेवावे का? २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली आणि मजलेच्या मजले कागद जळाले. ते सरकारचे स्वतःचे घर होते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरी सरकारी माहितीच्या इमारतीत बॅटऱ्यांनी पेट घेतला. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या, आणि सरकारी नोकरांनी ज्यावर वर्षानुवर्षे कामाचे कागद ठेवले होते तो साठा गेला. तो सरकारचा स्वतःचा ढग होता. फार मोठा म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. उलट २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या एका निवृत्तिवेतन निधीचे भाड्याच्या ढगावरचे सारे खाते चुकीने पुसले गेले. त्यांनी दुसऱ्याकडे प्रत ठेवली होती म्हणून निभावले. आपले की भाड्याचे, याने काही ठरत नाही असे दिसते.

आगीवरून एक पत्र आठवते. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत आताच वाटेल तसे खर्चू नका, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेतील, गवत पेटेल, इतका बारकावा आहे. पण मला त्या पत्राचे मोल वाटते ते पुढच्या भागासाठी. साठा संपला की तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकडे, कोणी भाजी. मग ती माणसे गाव सोडू लागतील, असे महाराज सांगतात. भांडाराचा हिशेब लिहिताना भांडाराच्या बाहेर उभा असलेला माणूस त्यांना दिसत होता. आमच्या नोंदवहीला तो कधी दिसला नाही.

ढगाच्या नव्या करारांना तो दिसतो का? हे करार मी नाना ठिकाणांहून मिळवून वाचतो. निवृत्त माणसाला वेळ पुष्कळ. त्यांत काकाजींची अट खरोखरच घातलेली असते, म्हणजे बरसायचे कधी आणि किती. समजा, सेवा महिन्याला ९९.५ टक्के वेळ चालू राहील असे लिहून घेतले. ऐकायला हे जवळजवळ पूर्णच वाटते. पण तीस दिवसांचे ७२० तास. त्यांतला अर्धा टक्का म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटे. एवढा वेळ सेवा बंद राहिली तरी करार मोडत नाही. याहून अधिक बंद राहिली तर दंड, आणि तो दंड कंपनीच्या बिलातून कापला जातो. म्हणजे तो मिळतो सरकारला.

आता काकाजींचे ऐका. त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका योजनेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. अंगठा आणि कागद घेऊन ते सेवा केंद्रावर सकाळपासून रांगेत बसले. दुपारी तीननंतर पडद्यावर एकच चक्र फिरत राहिले. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे, काकाजी. कोणाचा सर्व्हर, ढगावरचा की जमिनीवरचा, त्यालाही ठाऊक नव्हते. संध्याकाळी केंद्र बंद झाले, आणि मध्यरात्री मुदत संपली. त्या दिवसाची मजुरी गेली, योजनाही गेली. त्या महिन्यात सेवा एकूण किती तास बंद होती मला माहीत नाही. कदाचित तीन तास छत्तीस मिनिटांच्या आतच असेल. मग करार पाळला गेला. दर योग्य होता, कंपनी यादीतली होती, सुरक्षेची परीक्षा झालेली होती, लेखापरीक्षणात आक्षेप यायचे कारण नव्हते.

नियम बदलले आहेत, आणि चांगल्यासाठी बदलले आहेत, हे मी मनापासून म्हणतो. वस्तू कुठे आहे, एवढेच विचारणारी व्यवस्था आता ती चालते का, सुरक्षित आहे का, परत मिळेल का, असे विचारू लागली आहे. माझ्या काळी हे प्रश्न असते तर ती मांडणी सागवानाची झाली असती. पण खरेदीचा कागद अजून दोघांचाच आहे, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा. ज्याच्यासाठी घ्यायचे तो पायरीवर बसलेला असतो. शेवटच्या दिवशी सेवा बंद पडली तर मुदत आपोआप पुढे जावी, कापलेल्या दंडातून रांगेतल्या माणसाचा दिवस भरून निघावा, एवढे एखादे कलम घालायला कोणत्या तंत्रज्ञाची गरज आहे? मला तर त्यासाठी एक साधा कारकूनही पुरेसा वाटतो; मात्र त्याने आपला तक्ता भरून झाल्यावर मान वर करून समोर पाहिले पाहिजे. मी पाहिले नव्हते. पाहिले असते तरी काय लिहिले असते, हे आज सांगणे सोपे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकाजींना ते तीन तास छत्तीस मिनिटांचे गणित समजावून सांगितले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, बोटांवर काहीतरी मोजले.

"ते साडेतीन घंटे कोन्या दिवशी, हे कोन ठरवते?" त्यांनी विचारले.

कोणीच नाही, मी म्हणालो.

पश्चिमेकडून गार वारा सुटला होता. काकाजी उठले, गंजीवरची ताडपत्री रात्री एका बाजूने उडाली होती. एकट्याने ती ओढणे जमत नाही, म्हणून मी त्यांच्याबरोबर शेतात गेलो.