बससाठी केलेला अर्ज

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन नावाची कापूस पिकवणारी काउंटी आहे. १९४७ साली तिथे गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या तीस बसगाड्या होत्या. काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. काही लेकरं रोज कित्येक मैल चालत शाळा गाठायची. अखेर त्यांच्या आईबापांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सतत बिघडायची आणि दुरुस्तीला पुन्हा त्यांच्याच खिशाला कात्री लागायची. निदान पेट्रोलचा खर्च तरी द्या, ही विनंतीही शाळा मंडळाने मान्य केली नाही.

तेव्हा लेव्हाय पिअरसन हा शेतकरी पाद्री जोसेफ डिलेन यांच्या सोबतीने कोर्टाची पायरी चढला. त्याची जमीन दोन शाळा-हद्दींत पसरलेली होती. तेवढ्या सबबीवर दावा निकालात निघाला. पण गोऱ्यांनी डूख धरला. बँकेने कर्ज नाकारलं, कापणीला यंत्र मिळेना, उभं पीक शेतात सडलं.

गरीब माणसाला पोरांच्या शिक्षणाची फिकीर नसते, असं आजही सर्रास बोललं जातं. असं बोलणाऱ्याने पुढचं जरूर ऐकावं.

पिअरसनचे हाल सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही १९४९ मध्ये नव्या अर्जावर आईबापांनी सह्या केल्या. या वेळी मागणी एका बसची नव्हती, सगळ्या बाबतीत समान शाळांची होती. पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं. ते पेट्रोल पंपावर कामाला होते, पत्नी एलायझा मोटेलमध्ये खोल्या साफ करायच्या. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने हॅरींना सिगारेटचं खोकं भेट दिलं आणि कामावरून काढलं. एलायझांना सांगण्यात आलं, नवऱ्याला नाव मागे घ्यायला लावा. त्यांनी साफ नकार दिला. त्यांचीही नोकरी गेली. दोघांच्या कमाईवर चालणारं, मुलाबाळांचं घर होतं ते.

सही मात्र अर्जावर तशीच राहिली.

त्या अर्जाचा पुढे खटला झाला आणि आणखी चार खटल्यांसोबत तो सर्वोच्च न्यायालयात गेला. वकील थर्गूड मार्शल यांनी आईबापांची बाजू मांडली. १७ मे १९५४ रोजी वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. क्लॅरेंडनमध्ये मात्र गोऱ्यांच्या शाळेत काळं मूल बसायला आणखी दहाएक वर्षं जावी लागली. तोवर हॅरी-एलायझांच्या थोरल्या मुलाचं शाळेचं वय उलटून गेलं होतं. त्या बाकांवर दुसऱ्यांची मुलं बसली.