दोन काठांचे तहसीलदार

गोदावरी काही अंतर जालना आणि बीड या दोन जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते. त्या हद्दीवर समोरासमोर दोन तालुके, दोन तहसीलदार आणि मध्ये एकच वाळू. चोरांना मात्र हद्द नव्हती. रात्री पोकलेन ज्या काठाला लागेल तो काठ त्यांचा. (गोष्ट रचलेली आहे, तिच्यातली हत्यारं आणि कायदे खरे.)

दोघांच्याही कार्यालयात एकाच महिन्यात एकच सॉफ्टवेअर आलं. ते कुणाचा फोन चोरून ऐकत नव्हतं की कुणाच्या खात्यात शिरत नव्हतं. जगाला उघडं असेल तेवढंच गोळा करायचं: सेंटिनेल-२ उपग्रहांची फुकट मिळणारी चित्रं, महाभूलेखवरचे सातबारे, कंपन्यांच्या नोंदी, ट्रॅक्टरवर उभं राहून पोरांनी टाकलेली रील्स. हे उपग्रह साधारण 5 दिवसांनी त्याच जागेवरून जातात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर, त्यामुळे हायवा काही ओळखू येत नाही. पण पात्रात नवा खड्डा पडून पाणी साचलं किंवा काठावरून नवी गाडीवाट निघाली, की कळतं. पूर्वी एवढं जुळवायला तलाठी, मंडळ अधिकारी आणि अव्वल कारकून यांचा महिना जायचा. आता दुपारच्या चहाआधी पडद्यावर जाळं तयार: हा खड्डा, हा लगतचा गट, हा खातेदार, ही वाहतूक कंपनी, हे रील.

उत्तर काठचे रावसाहेब खूश झाले. महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावता येतो. त्यांनी संध्याकाळपर्यंत नोटिसांचा गठ्ठा सही करून टाकला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून सांगितलं, “आता रील टाकाल तर थेट सापडाल.” बातमी छापून आली आणि आठवड्यात सगळी रील्स उडाली. साहेबांकडे उरले ते मोबाइलवर काढलेले स्क्रीनशॉट.

मग एक म्हातारी बाई आली. पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला मृत्यूचा दाखला काढून तिनं टेबलावर ठेवला, शेजारी नोटीस.

“साहेब, आमचे मालक वारले त्याला सहा वर्षं झाली. वारसाचा अर्ज तुमच्याच हापिसात पडलाय की.”

सातबाऱ्यावर नाव अजून मयताचंच होतं. सातबारा देवनागरीत, वाहतूक कंपनीची नोंद रोमन लिपीत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तेच दिसलं, म्हणून सॉफ्टवेअरनं दोन माणसांचा एक केला. आमच्याकडे एका आडनावाचं अख्खं गाव असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर घोटाळा यंत्रापेक्षा जुना होता. कार्यालयानंच जी नोंद शिळी ठेवली, ती यंत्रानं नुसती वेगानं वाचली.

ज्या नोटिसा अपिलात गेल्या, त्याही टिकल्या नाहीत. एक रील तर पुरावा म्हणून हमखास वाटलेलं. ते डिसेंबरात टाकलेलं होतं, पण ट्रॅक्टरमागे पळस लालभडक फुललेला. पळस फुलतो शिमग्याच्या सुमाराला. चालकाच्या वकिलानं एवढंच दाखवलं आणि खाली बसला.

दक्षिण काठच्या मॅडमनाही दुपारच्या चहाआधीच जाळं मिळालं होतं. त्यांनी आधी प्रत्येक रील जसंच्या तसं उतरवून घेतलं, त्याचं हॅश मूल्य काढलं आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलं. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. फाइल पुढे बदलली नाही हे त्या मूल्यावरून पडताळता येतं. मग जाळ्यातल्या एकेका नावावर बोट ठेवून त्या तलाठ्याला विचारत बसल्या, “माणूस जिवंत आहे ना? या नावाचे गावात किती?” तलाठी कंटाळला, पण यादी निम्म्यावर आली. मंडळ अधिकाऱ्यांनी टेप घेऊन खड्डा मोजला, पंचनामा झाला. पत्रकारांना कुणी काही बोललं नाही, त्यामुळे पोरं रील टाकतच राहिली आणि पुढची रात्र कुठल्या घाटावर, हे त्यांनीच सांगितलं. त्या रात्री दोन हायवा आणि एक पोकलेन जप्त झाले. आदेश उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे टिकला.

हद्दीच्या बैठकीला दोघं भेटले तेव्हा रावसाहेबांनी विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे सॉफ्टवेअर नवीन आवृत्तीचं आहे का?”

“तुमचंच आहे, सर. त्यानं शोधायचा वेळ वाचतो. खात्री करायला लागतो तेवढा लागतोच. मी पहिला वाचवला तो दुसऱ्यात घातला. तुम्ही दोन्ही वाचवलेत.”

रावसाहेब थोडा वेळ फाइल चाळत राहिले. “उरलेल्यांपैकी आधी कुठली नोटीस मागे घेऊ?”

“मयताची. पण अगोदर वारस नोंद करून घ्या. नाहीतर मागे घेतल्याचं पत्रही त्यांच्याच नावानं जाईल.”