जुनी पद्मिनी, नवे पिस्टन
बरीच वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी घरीच चालू करायला घेतली की एकेक भाग बदलत जावं लागतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसलेला असतो, चाकांतले ब्रेक सिलिंडर गंजून जाम झालेले असतात, रबरी पाइप तडकलेले. एवढं बदलल्यावर ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलीच गाडी राहते का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल असंच विचारतो: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? त्याच्या मते रथ हे भागांच्या आधाराने पडलेलं, व्यवहारापुरतं नाव. मला हे निम्मंच पटतं. न्याय-वैशेषिक दर्शन त्याहून कडक: अवयव बदलला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अख्खी वस्तू, संपून नवा उपजतो. त्या हिशेबाने मालकाची गाडी दर रविवारी बदलणार. आरटीओला हे परवडायचं नाही.

पण नावापलीकडेही काही टिकतं. इंजिनच पाहा. सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. पिस्टन कोरा, पण त्याचं माप जुन्या झिजेने ठरवलेलं. गाडीचं सातत्य आहे ते या जुळवणीत. कुणी विचारेल, काढून टाकलेले भाग जोडून दुसरी गाडी उभी केली तर? अडचण खरी आहे. पण त्या भागांचं एकमेकांशी चाललेलं काम मध्येच तुटलेलं असतं, पहिल्या गाडीत ते टप्प्याटप्प्याने पुढे गेलेलं असतं. चासी नंबरही पहिलीकडेच राहतो, पण हा पुरावा लंगडा: नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, आणि गंजलेला पत्राही कापून बदलतातच.