रोजची चावी

आजचे चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ३५

मन वाऱ्यासारखे आहे, आवरत नाही, अशी तक्रार अर्जुन करतो. भगवंत ती खोडून काढत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करतात आणि उपाय सांगतात दोनच शब्दांत : अभ्यास आणि वैराग्य.

गेल्या एकादशीला हरिपाठानंतर एका ताईंनी विचारले, "सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळल्यात. सगळं करते मी. पण खरं सांगू? कित्येकदा मनात काहीच नसतं, नुसते हात चालतात. ही सेवा म्हणायची का?"

भावाशिवाय भक्ती नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग भाव आटला त्या दिवशीचे काम फुकट गेले का?

मला दादांचे घड्याळ आठवले. एचएमटी जनता, चावीचे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली, आणि पुढे कितीतरी नवरदेवांच्या मनगटावर ती दिसू लागली. दादांचे घड्याळ बरीच वर्षे कपाटात बंद पडून होते. दुरुस्तीला दिले तर मोडलेले काहीच निघाले नाही. आतले तेल वाळून घट्ट झाले होते. कारागिराने एकेक चक्र सुटे करून धुतले, नवे तेल दिले, स्प्रिंग बदलली. पिवळी पडलेली तबकडी तशीच ठेवली. आता छान चालते.

त्यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, चावी. पूर्ण दिली की साधारण दीड दिवस पुरते. रविवारी बसून आठवड्याची देऊन ठेवता येत नाही. आणि देताना तुमचे मन कुठे होते, हे घड्याळ विचारत नाही. हा अभ्यास.

दुसरी, आतला अडसर. गुंडाळलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर सगळा जोर बघता बघता संपेल. तो इवलासा तुकडा चक्राला अडवतो, थोडे सोडतो, पुन्हा अडवतो. सेकंदाला पाच वेळा. टिकटिक ऐकू येते ती त्याचीच. हे वैराग्य. जोर मारून टाकणे नव्हे, बेताने खर्चणे.

ताई, सासूबाईंचे अंग पुसणे, वेळेवर औषध देणे ही तुमची चावी. ओठावर आलेला कडू शब्द गिळणे, कुणी चांगले म्हणेल ही आशा सोडणे, हा अडसर. तुकोबांची पालखी पुण्याहून निघून आपल्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते, तेव्हा पायाला फोड आलेल्या वारकऱ्याच्या प्रत्येक पावलात काय भाव दाटून आलेला असतो? तरी ते पाऊल वारीतलेच असते. तुमचे काम सेवाच आहे.

पण एक गोष्ट ताईंना नाही, त्यांच्या घरच्यांना सांगायची आहे. तेल वाळले की कितीही चावी द्या, घड्याळ चालत नाही. ते तेल ज्याचे त्याला घालता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी घालावे लागते.

आजचा नेम : आपल्या घरात जो रोज चावी देतो, त्याला आज दोन तास मोकळे करा. त्याचे काम आपल्या हातांनी करा. भाव आला तर उत्तम, नाही आला तरी करा.

राम कृष्ण हरी.