आपल्याला न येणारा धडा

आपल्याला स्वतःला जी वाट ठाऊक नाही, त्या वाटेवर पाच वर्षांच्या मुलाला सोडावे आणि वर 'मी तुझ्या सोबतीला आहे' असेही म्हणावे, हे कितपत प्रामाणिकपणाचे? प्रश्न ऐकायला अवघड वाटतो. पण लाखो आईबाप तो रोज सकाळी डबा भरता भरता सोडवीत असतात. इंग्रजीचे अक्षर न जाणणारा आणि तरी मुलाला इंग्रजी शाळेत घालणारा आपल्या गावचा बाप त्यांतलाच. परंतु आज मला त्याच्याविषयी लिहावयाचे नाही. त्याच्यापुढे पोटाचा प्रश्न आहे. मला लिहावयाचे आहे ते कॅनडातल्या अशा आईबापांविषयी, की ज्यांचे इंग्रजीवर उत्तम भागते, ज्यांच्यावर कसलीही सक्ती नाही, आणि तरी जे आपण होऊन आपले मूल फ्रेंचच्या हवाली करतात.

तिकडे या पद्धतीला 'फ्रेंच इमर्शन' म्हणतात. इमर्शन म्हणजे बुडवणे. नाव मोठे बोलके आहे. आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला सुके भोपळे बांधून पोराला विहिरीत सोडीत, तसाच हा प्रकार. गणित फ्रेंचमध्ये, चित्रकला फ्रेंचमध्ये, आणि पाणी प्यायला जायची परवानगीही फ्रेंचमध्येच. आरंभी मूल इंग्रजीत बोलले तर बाईंना ते समजते; पण उत्तर येते ते फ्रेंचमध्ये. कुठे बालवर्गापासून, कुठे पहिलीपासून हे सुरू होते, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीचा तास दोन-तीन वर्षांनी उगवतो. आज त्या देशात चार लाखांहून अधिक मुले अशा वर्गांत बसतात.

नवल असे की हा उद्योग सरकारने आरंभला नाही आणि पंडितांनीही नाही. तो आयांनी आरंभला. माँट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या काठावर सेंट-लँबर्ट नावाचे गाव आहे. तिथल्या इंग्रजी घरांना १९६० नंतरच्या त्या वर्षांत एक गोष्ट बोचू लागली होती. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच. पण पेढीचा साहेब इंग्रजी बोलणारा आणि हाताखालचा माणूस फ्रेंच, अशीच तिथली जुनी घडी. ती मोडत चालली होती. वर्षानुवर्षे शाळेत फ्रेंच शिकूनही आपल्या मुलांना शेजाऱ्याशी चार वाक्ये बोलता येत नाहीत, हे त्या आयांनी पाहिले. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तिघींनी शाळामंडळाचा पिच्छा पुरवला. मंडळ राजी नव्हते. अखेर १९६५ साली २६ मुलांचा एक बालवर्ग निघाला. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी त्या मुलांची वर्षानुवर्षे परीक्षा पाहिली, आणि रिचर्ड टकर यांच्यासह १९७२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मुलांचे इंग्रजी वाचन प्रथम थोडे मागे पडले. इंग्रजीचे धडे सुरू होताच ते भरून निघाले. ऐकलेले फ्रेंच त्यांना फ्रेंच मुलांच्या जवळपास कळू लागले. बोलणे आणि लिहिणे मात्र तितके सफाईदार झाले नाही. गणितात काही उणे पडले नाही. मध्यंतरी, १९६९ साली, कॅनडाच्या कायद्याने दोन्ही भाषांना राजभाषा म्हणून समान दर्जा दिला होता, आणि ही पद्धत देशभर पसरली.

इथवर गोष्ट आनंदाची आहे. पण याच देशात दुसऱ्या एका बुडवण्याचा इतिहास आहे, आणि तो सोडून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले, शंभराहून अधिक वर्षे, घरातून उचलून निवासी शाळांत ठेवण्यात आली. त्या शाळांतही दिवसभर परकीच भाषा होती. आपली भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा होई. २०१५ साली सत्यशोधन आयोगाने या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार असे नाव दिले. आता पाहा. वरवर दोन्हीकडे कृती एकच दिसते: लहान मूल घ्यावे आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत सोडावे. मग एकीकडे लाभ आणि दुसरीकडे सर्वनाश का? तिथे क्रौर्य होते, उपासमार होती, हे खरेच. पण नुसत्या भाषेपुरते बोलायचे तर फरक त्या भोपळ्यांचा आहे. सेंट-लँबर्टचे मूल दुपारी घरी येई, आणि घर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोले. त्या भाषेला बाहेर मानही होता. निवासी शाळेतल्या मुलाचे भोपळे कापूनच त्याला पाण्यात टाकले होते. लँबर्ट यांनी पुढे १९७० नंतरच्या दशकात यालाच शास्त्रीय नावे दिली: एक द्विभाषिकपण भर घालणारे, दुसरे वजाबाकी करणारे.

म्हणून घराने काय करावे हा प्रश्न येतो तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. घराने फ्रेंच शिकवू नये. ते शाळेचे काम आहे, आणि शाळाही पालकाला फ्रेंच आलेच पाहिजे असे म्हणत नाही. माझी भाची ओंटॅरिओत राहते. तिने मुलाचे नाव या वर्गात घातले तेव्हा कोणा हितचिंतकाने सल्ला दिला, की आता घरातले मराठी बंद करा. बाहेर इंग्रजी, शाळेत फ्रेंच, घरी मराठी, एवढे पोराच्या डोक्यात मावायचे नाही. जणू मुलाचे डोके म्हणजे पितळेचा डबा. लाडू भरले की चकलीला जागा नाही! असा सल्ला देणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते, की ज्या भाषेत आई रागावते, समजावते, थापा मारते आणि चिऊकाऊच्या गोष्टी रचते, ती काढून घेतल्यावर आईचा किती हिस्सा मुलाच्या वाट्याला उरतो? मोडक्यातोडक्या परभाषेत बोलणारा बाप मुलाला अर्ध्याच बुद्धीचा दिसू लागतो. टोरंटोचे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडले आहे, की एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची ताकद दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. अर्थात त्यासाठी ती पहिल्या भाषेत आधी कमवावी लागते. रोज रात्री एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे, 'मग पुढे काय झाले असेल?' असे विचारणे, शाळेतला दिवस घरच्या भाषेत सांगायला लावणे, वाचनालयातून एखादे फ्रेंच चित्रांचे पुस्तक आणून नुसती चित्रे पाहणे; एवढ्याने पुष्कळ होते.

आणि मराठी घराला तर एक गंमत फुकटात मिळाली आहे. इंग्रजी मुलाला फ्रेंचमध्ये पहिली ठेच लागते ती निर्जीव वस्तूंच्या लिंगांची. खुर्ची बाई का आणि पंखा बुवा का, हे त्याला उमगत नाही. मराठी मुलाला यात नवल वाटतच नाही. तो पंखा, ती खुर्ची, हे त्याने दुधाबरोबर घेतलेले असते. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक त्याला माहीत असतो, आणि फ्रेंचमधले 'तू' तर कानालाही जवळजवळ आपलेच लागते. इंग्रजी पोर जिथे 'ट' म्हणून बसते तिथे आपल्या पोराचा 'त' दातावर बरोबर टेकतो. तीन महिने भाचीकडे राहायला गेलेली आमची अक्का, म्हणजे तिची आई, नातवाच्या अभ्यासाला एकदाच उपयोगी पडली. पण ती कशी! फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-वँ' म्हणतात, म्हणजे चार-वीस. पोरगा चिडला होता, आई-बाबा कोड्यात. अक्का भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, चार विसा म्हणजे ऐंशीच की! आमच्या साताऱ्याकडच्या बाजारात असंच मोजायचे." नव्वद म्हणजे चार विसा नि दहा, हेही तिनेच सांगितले, आणि तेही फ्रेंचला तंतोतंत लागू पडले. चंद्र मात्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे. तेव्हा चांदोबा मामा की मावशी, यावर त्या घरात अजून एकमत नाही.

एका गोष्टीची मला मनस्वी चीड आहे. पाहुणे आले की मुलाला दिवाणखान्यात उभे करायचे, आणि 'काकांना फ्रेंचमध्ये म्हणून दाखव पाहू' अशी फर्माईश करायची. काकांना फ्रेंचचे ओ की ठो कळत नाही. कळते ते एवढेच, की या घरी फ्रेंच बोलणारे मूल आहे. मूल त्या क्षणी विद्यार्थी राहत नाही, काचेच्या कपाटातला पेला होते. आपण ही शाळा कोणासाठी निवडली, या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा अशा वेळीच मिळते. याउलट एकांतात मूल बापाचा उच्चार सुधारू लागले, "बाबा, असं नाही, ओठ गोल करा," असे म्हणू लागले, तर बापाने मुकाट्याने ओठ गोल करावे. सर्व काही येणाऱ्या बापापेक्षा शिकता शिकता चुकणारा बाप पाहिल्याने मुलाला चुकण्याची भीती कमी वाटेल, असा माझा अंदाज आहे.

कॅनडात या वर्गांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला खोटा वाटत नाही. सुखवस्तू, जागरूक घरची मुले इमर्शनमध्ये गोळा होतात. ज्यांना शिकणे जड जाते ती गळून इंग्रजी वर्गात जातात. मग एकाच शाळेत नकळत दोन जाती तयार होतात. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळेत हे घडावे का? माझ्या मुलाला उत्तम ते मिळावे ही इच्छा निर्मळ आहे. पण शेजाऱ्याचे मूल कोणत्या दाराने बाहेर पडले, हेही त्या इच्छेने पाहावयास हवे. आणि मूल मागे पडते आहे की नुसते घाबरले आहे, हे परीक्षेचे गुण सांगत नाहीत. ते मुलालाच विचारावे लागते, आणि ते सांगण्यापुरती एक भाषा तरी मुलाजवळ पुरती असावी लागते.

भाचीच्या मुलाच्या वर्गात एक शीख मुलगा होता. त्याला दर सोमवारी पोटात दुखे. डॉक्टर झाले, औषधे झाली. त्याला इंग्रजी वर्गात घालावे असेही ठरत आले. त्याचे आजोबा त्याच्याशी पंजाबीखेरीज बोलत नसत. एका संध्याकाळी त्यांनी गप्पांच्या ओघात काढून घेतले, की शौचाला जायची परवानगी मागायचे फ्रेंच वाक्य शनिवार-रविवारच्या सुट्टीत तो विसरतो, आणि सोमवारी सकाळभर तसाच दाबून बसतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी दाराशेजारी एक हिरवा पत्ता खिळ्याला अडकवला. बोलायचे काही नाही. पत्ता उचलायचा, दाखवायचा आणि जायचे. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो उचलला.