दोऱ्याची जागा

मिरजेच्या त्या वाड्यात आप्पांच्या वडिलांचं टर्नटेबल वीस वर्षं जुन्या लुगड्याखाली झाकून पडलं होतं. इंग्लंडमधल्या स्विंडनला बनलेलं गॅरार्ड ३०१. त्याला पट्टा नसतो. मोटरच्या दांड्याला टेकलेलं रबरी चाक जड थाळीच्या आतल्या काठाला लागून तिला फिरवतं. ते रबर कडक झालं की मोटरची घरघर थेट गाण्यात उतरते.

पुण्यात इंजिनिअर असलेल्या मुलानं दिवाळीच्या सुट्टीत ते उघडलं. मधल्या दांड्याभोवतीचं ग्रीस मेणासारखं थिजलं होतं. त्यानं ते खरवडलं, मोटर धुऊन तेल घातलं, रबरी चाक नवं बसवलं. जुना अवजड हात काढून नवा हलका हात लावला आणि त्याला महागडी, जेमतेम दोन ग्रॅम भार टाकणारी सुई. एलपी लावल्यावर सतारीची प्रत्येक तार वेगळी ऐकू आली. मेहनत खरी होती, आनंदही खरा होता.

मग आप्पांनी कागदी पाकिटातून लाखेची तबकडी काढली. मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची. मुलानं वेग ७८ वर नेला, सुई टेकवली. नुसती खरखर, आणि वाळूच्या ढिगाखालून यावा तसा आवाज.

"आप्पा, ही संपली. पिनांनी खाल्ली हिला. यांचं गाणं मोबाइलवर स्वच्छ मिळेल, देतो काढून."

आप्पा काही बोलले नाहीत. तबकडी पुसून त्यांनी पाकिटात सरकवली. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "एका बाजूला एक नवी पिन लावायची असते. आम्ही पोरं एकाच पिनेवर दहा-दहा बाजू वाजवायचो. पिनांना पैसे कुठले? मीच खाल्लं रे हिला."

दुसऱ्या दिवशी आप्पांचा तंबोरा आणायला मुलगा तंतुवाद्यांच्या गल्लीत गेला. तार ठणठण वाजत होती, पण गुंजत नव्हती.

"चाचा, तार बदलायची का?"

"तार चांगली आहे, बेटा. घोडी पण चांगली आहे." चाचांनी तारेखालचा सुती दोरा केसभर पुढं घेतला, थोडा मागं आणला. एका जागी तार अचानक भरून आली, सगळं दुकान त्या एका षड्जानं व्यापलं. "दोऱ्याला जागा सापडावी लागते. घाई केली तर आपण वाद्यालाच नावं ठेवतो."

मुलगा तंबोरा मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिला. एलपीच्या सुईचं टोक फार तर २५ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. लाखेच्या तबकडीची खाच कितीतरी रुंद, तिला सत्तरच्या आसपासचं टोक लागतं. आपली नाजूक सुई त्या खाचेच्या तळाशी, साठ-सत्तर वर्षांच्या धुळीत लोळत होती! आणि पोलादी पिनांनी खाचेच्या भिंती झिजवल्या त्या एका ठरावीक उंचीवर. त्याच्या वर? त्याच्या खाली?

पुण्याहून त्यानं चार वेगवेगळ्या जाडीच्या सुया मागवल्या. तबकडी नीट धुतली. लाखेला स्पिरिट चालत नाही, ते लाखच विरघळवतं. म्हणून साधं गार पाणी आणि मऊ ब्रश. पहिली सुई बरी, दुसरी वाईट. तिसरी जरा जाड होती. ती झिजेच्या वर, कुणाचीच पिन कधी न पोचलेल्या भिंतीला टेकली.

खरखर मागं हटली. पुरती गेली नाही, पण आता ती पावसासारखी खिडकीबाहेर होती, आणि गाणारा आत.

आप्पा तंबोरा घेऊन बसले होते. "जरा चढलाय," ते डोळे मिटूनच म्हणाले. त्या यंत्राला वेग बारीक कमी-जास्त करायची फिरकी असते. मुलगा ती अगदी हळू फिरवू लागला. स्वर उतरत उतरत तंबोऱ्याच्या जवळ आला, आणखी जवळ, आणि मिसळला.

"थांब. हात काढ."

तीन मिनिटांत बाजू संपली. थाळी फिरतच होती. आप्पांच्या बोटांनी तार सोडली नव्हती.

"पालट," ते म्हणाले. "सावकाश."