तांदळाच्या डब्यातले पैसे

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपले आणि माझा भाच्याशी वाद झाला. तो पुण्यात नोकरीला आहे. पगार माझ्याहून चांगला. पण वीस तारीख उलटली की खिसा रिकामा! हातात नवा मोबाइल, तोही हप्त्यांनी घेतलेला. मास्तरकीच्या सवयीने मी त्याला काटकसरीचे चार शब्द सुनावले.

तो हसून म्हणाला, "मामा, आजीने इतकी वर्षे तांदळाच्या डब्यात पैसे साठवले. शेवटी काय झाले?"

मी गप्प झालो. 2016 सालच्या 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी आईने मान खाली घालून तो डबा माझ्यापुढे ठेवला. जणू तिची चोरीच पकडली गेली होती. रक्कम बँकेत भरली, एक पैसाही बुडाला नाही. पण घरात तिचा तिच्यापुरता एक कोपरा होता, तो बुडाला.

भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पुण्यातल्या घरांच्या किमती ऐकल्यावर, चहाचे पैसे वाचवून घर होईल असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय आमच्या हातून नोट सुटताना ते बोटांना कळत असे. त्याचा पैसा मोबाइलवर बोट टेकताच निघून जातो. गेल्याचे वाईट वाटावे इतकी त्याची ओळखच होत नाही.

मग आईने साठवले ते कशासाठी? आठवू लागलो. शेजारच्या मुलीची परीक्षेची फी याच डब्यातून निघाली होती. वडिलांचा पगार अडला तेव्हा महिन्याचा किराणाही यातूनच आला होता. आपला हात कुणापुढे पसरू नये आणि आपल्यापुढे पसरलेला हात रिकामा परत जाऊ नये, एवढेच तिचे अर्थशास्त्र.

या कसोटीला भाचा उतरत नाही, हे खरे. पण मी तरी उतरतो काय? माझे पासबुक भरलेले आहे, आणि त्यातून आजवर कुणाचीही फी निघालेली नाही. त्याला उद्याची आठवण नाही; मला उद्याशिवाय दुसरे काही आठवत नाही. एक बेफिकीर, दुसरा भित्रा. आणि धडा द्यायला बसलो होतो मी!

यंदा पूजेच्या पाटावर पासबुक ठेवताना माझा हात थोडा अडखळणार आहे. "साठव" असे भाच्याला पुन्हा सांगणारच. पण कशासाठी, ते आधी मला करून दाखवावे लागेल.